सल्ल्याच्या धंद्यातली एकोणतीस वर्षं

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांना जपून घातलाय, तरी पोचला असं समजा. (माझ्या गुडघ्यांना. तुमचा गुडघा आता माझ्यापेक्षा बरा चालतो असं ऐकते.)

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचे धाकटे बंधू ठीक आहेत, जरा वजन वाढलंय. त्यांचं म्हणणं वजनकाटा बिघडलाय. मी नवा काटा आणला, तर तोही बिघडलेला निघाला म्हणतात. तुमची भाची नोकरीच्या गावी मजेत आहे, फोन करते, आणि तिची आत्या कशी आहे हे माझ्या तब्येतीच्या आधी विचारते. तुमचं डोळ्यांचं ऑपरेशन छान झालं, आता लांबचंही लख्ख दिसतं, हे कळून फार आनंद झाला. (म्हणजे आम्ही सगळ्यांनीच आता जपून राहायला हवं.) थेंब वेळेवर घालत जा. मान मागे करून घालायचे असतात, बोलता बोलता नव्हे.

पत्र लिहायला तसं खास काही कारण नाही. या महिनाअखेरीला मी कंपनीतून निवृत्त होतेय. एकोणतीस वर्षं झाली. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं ही आपल्यातली जुनी वाटणी आहे, ती या वयात कशाला मोडायची? म्हणून म्हटलं, सविस्तर लिहावं. चहा घेऊन बसा.

तुम्हाला आठवत असेल, आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते आणि मला ही नोकरी लागली. तुम्ही विचारलंत, कंपनी काय बनवते? मी म्हटलं, काही बनवत नाही, सल्ला देते. तुम्ही म्हणालात, ‘अगं, मग त्याला ऑफिसात कशाला जायला हवं?’ मला उत्तर सुचलं नाही. खरं तर तुमचंही बरोबरच होतं. तुम्ही स्वतः उभ्या आयुष्यात, विचारलेला आणि न विचारलेला, इतका सल्ला दिलात की आमच्या कंपनीत असतात तर पहिल्या वर्षीच भागीदार झाला असतात. (हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. निम्मं नाही.) तर आज, उशिरा का होईना, उत्तर देते. लोक आम्हाला बोलावतात आणि म्हणतात, आमचं काहीतरी चुकतंय, बघा. आम्ही तिथे जातो आणि तिथल्याच माणसांना विचारतो, काय चुकतंय? ती सांगतात. ते आम्ही नीट लिहून मालकाला देतो. तुम्ही म्हणाल, मग मालकानेच का नाही विचारलं? वन्सं, सांगणारा असतो खालच्या मजल्यावर, ऐकणारा वरच्या. मध्ये जिना असतो, पण तो दोघांपैकी कुणीच वापरत नाही. आम्ही तो चढतो. एवढाच आमचा धंदा. त्यावर चारशे माणसांचं पोट चालतं, आणि मी पाय दुखेपर्यंत तो इमाने केला.

घरात हे कुणाला समजावणं सोपं नव्हतं. तुमची भाची दुसरीत असताना शाळेत आईवडिलांच्या कामाबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलं, ‘माझे बाबा बँकेत आहेत. माझी आई लोकांना सांगते. बाहेर लोक ऐकतात.’ चौथी ओळ लिहिली नव्हती, पण तिच्या बाईंना ती कळली असावी, कारण पालकसभेत त्या तुमच्या बंधूंकडे बघून हसल्या.

माझं पहिलं काम बटणांच्या कारखान्यात निघालं. शर्टाची, कोटाची, उशीच्या अभ्र्यांची बटणं. मागणी आल्यापासून माल फाटकाबाहेर पडायला अकरा दिवस लागत आणि का लागतात ते कुणाला कळत नव्हतं. माझ्या हातात स्टॉपवॉच देऊन मला पॅकिंगमध्ये उभं केलं. (उभं म्हणजे अक्षरशः उभं. सल्लागाराला खुर्ची द्यायची की नाही याचा तिथे निर्णय झाला नव्हता.) पॅकिंगच्या बायकांनी ते घड्याळ पाहिलं आणि पहिल्या दिवशी असे काही हात चालवले की संध्याकाळचा माल दुपारीच बांधून झाला. घरी गेल्यावर त्यांच्यातल्या कुणाच्यातरी डोक्यात आलं असावं की हा वेग उद्या गळ्यात पडेल. दुसऱ्या दिवशी एक बाई एक खोका बंद करायला इतका वेळ लावत होती की घड्याळ धरून माझा हात अवघडला. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि म्हटलं, मलाही बसवून घ्या, काय करायचं ते सांगा. त्यांनी मला बटणं मोजायला बसवलं. मी मोजली. मग मी मोजलेली शेजारच्या बाईंनी परत मोजली. मला राग आला. तर त्या म्हणाल्या, ‘तसं नाही हो, सगळीच दोनदा मोजतो. मग फाटकावर वॉचमन तिसऱ्यांदा मोजतो.’ कशासाठी? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वॉचमन म्हणाला, माझ्या आधीचा वॉचमनही मोजायचा. (आधीचा म्हणजे त्याचे वडील. मोजताना कुणी हाक मारली तरी ते ओ देत नसत, असं त्याने छाती फुगवून सांगितलं.)

झालं, मला माझा सल्ला सापडला. तो मालकांपुढे मांडायचा होता. तेव्हा आमच्याकडे पारदर्शक प्लास्टिकचे कागद असत. त्यावर रंगीत पेनाने लिहायचं आणि दिव्याच्या पेटीवर ठेवलं की भिंतीवर मोठं दिसायचं. माझे सव्वीस कागद झाले होते. आधी कारखान्याचा इतिहास, मग बटणांचे प्रकार, मग तक्ते, आणि अगदी शेवटी सल्ला. समोर मालक, त्यांचे दोन मॅनेजर, आणि आमचे थोरले साहेब, म्हणजे ज्यांनी कंपनी काढली ते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालकांना उकडलं आणि त्यांनी पंखा पाचावर केला. सव्वीस कागद खोलीभर उडाले, वन्सं. एक कपाटावर, दोन खिडकीबाहेर, एक मालकांच्या मांडीवर. कागदांवर क्रमांक घातलेले नव्हते. (आता घालते. सामानाच्या यादीवरसुद्धा घालते.) हाताला लागला तो कागद पेटीवर ठेवला, तर तो नेमका शेवटचा: ‘बटणं एकदाच मोजा. तीही वजनावर.’

मालकांनी वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाले, ‘झालं?’

मी म्हटलं, अजून पंचवीस आहेत, सापडले की दाखवते.

‘राहू दे. आजवर तीन सल्लागार आले, तिघांनीही शेवटच्या पानापर्यंत ताटकळत ठेवलं. सांगायचं ते आधी सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’

थोरल्या साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे. कारखान्यात अकरा दिवसांचे चार दिवस झाले. पुढच्या महिन्यात आमच्या ऑफिसात परिपत्रक फिरलं की यापुढे निष्कर्ष पहिल्या पानावर. आज नवीन मुलंमुली कंपनीत येतात तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना हे फळ्यावर त्रिकोण काढून शिकवतात, टोकाला निष्कर्ष, खाली कारणं. त्या त्रिकोणाच्या मुळाशी पंखा आहे हे आता जगात फक्त मला ठाऊक आहे. आणि आता तुम्हाला.

यानंतर माझी भरभराट झाली असं वाटलं असेल तर तसं नाही. माझे वरिष्ठ होते किलोसाहेब. हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुणीही रिपोर्ट नेऊन दिला की ते तो आधी तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करायचे आणि मग उघडायचे, म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना किलोसाहेब म्हणायचो. माणूस मनाने वाईट नव्हता. पण आठ वर्षं असं चाललं की कारखान्यात मी बसायचं, बायकांशी, वॉचमनशी मी बोलायचं, लिहायचं मी, आणि मालकांपुढे उभे राहायचे किलोसाहेब. मुखपृष्ठावर नाव त्यांचं. माझं नाव शेवटच्या पानावर, ‘यांचेही साहाय्य लाभले’ या ओळीत, आणि दोनदा तर तेही चुकीचं छापलेलं. त्या सुमारास समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपनीने मला बोलावलं. केबिन, दारावर नावाची पाटी, सगळं. मी हो म्हणून आले.

रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून राजीनामा लिहिला. त्याच टेबलावर दुसरंही एक पत्र लिहायचं होतं. शहरातल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचे अधीक्षक आम्हाला काम देणार की नाही ते ठरवत होते आणि कंपनीच्या नावाने त्यांना कळवून त्यांच्या रांगेत मी एक सकाळ उभी राहून आले होते. जे पाहिलं ते दोन पानांत लिहिलं. त्यावर सही अर्थातच किलोसाहेबांची व्हायची होती. पण ते रजेवर होते, म्हणून मीच केली. दोन पत्रं, दोन पाकिटं. इतक्यात तुमचे बंधू मदतीला आले. (इथेच तुम्ही काय ते ओळखलं असेल. तुम्ही त्यांना माझ्याही आधीपासून ओळखता.) ‘तू दमलीस, मी भरतो आणि टाकतो पेटीत,’ म्हणाले. भरली आणि टाकली.

बुधवारी मला रुग्णालयाच्या अधीक्षकांचं उत्तर आलं. ते अजून माझ्या कपाटात आहे, शब्दन् शब्द देते: ‘आपला राजीनामा मिळाला. आपण आमच्याकडे नोकरीस नसल्यामुळे तो मंजूर करता येत नाही. तथापि, त्या दिवशी रांगेत चार तास उभ्या राहिलेल्या बाई आपणच असाल, तर आपण गेल्यावर आमचं काम कोण करणार, हे कळवावं.’

 याचा अर्थ, दुसरं पत्र थोरल्या साहेबांकडे गेलं होतं. तासाभरात बोलावणं आलंच. साहेबांच्या पुढ्यात माझी ती दोन पानं होती. मी सगळं खरं खरं सांगितलं; केबिनचं, पाटीचं, शेवटच्या पानाचं, आणि तुमच्या बंधूंचंही.  साहेब म्हणाले, ‘राजीनामा तुम्ही गिऱ्हाइकाला दिलात. म्हणजे आपण चाकरी कुणाची करतो ते तुम्हाला बरोबर ठाऊक आहे.’ मला हसावं की रडावं कळेना. ‘रुग्णालयाचं काम तुम्ही करा. एकट्या. नाव तुमचं. जमलं नाही तर समोरची कंपनी आहेच, रस्ता ओलांडायला वेळ लागत नाही.’

पुढचे सहा दिवस मी त्या रुग्णालयातल्या लाकडी बाकावर काढले. सकाळी सातला रांग दारापासून निघायची ती वळणावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत. खिडक्या नऊ, पण माणसं रांगेत उभी एकाच खिडकीसमोर. नवा केसपेपर काढायचा असो, एक्स-रेचा रिपोर्ट न्यायचा असो की डॉक्टर आलेत का एवढंच विचारायचं असो, सगळ्यांना तीच रांग. एक म्हातारे गृहस्थ अडीच तास उभे राहिले आणि त्यांना उत्तर मिळालं, ‘तिसरा मजला.’ त्यांनी परत विचारलं, जिना कुठे? तोवर मागचा माणूस खिडकीशी आला होता. त्या खिडकीत एक बाई बसायच्या, सतत घसा बसलेल्या. त्यांना मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, (सुट्टी म्हणजे, त्या उभ्यानेच दोन घास खात होत्या,) की तुम्हाला काय वाटतं? त्यांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. शंभरातली चाळीस माणसं फक्त रिपोर्ट न्यायला नाहीतर काही विचारायला येतात. त्यांना नऊ नंबरची खिडकी उघडून द्या, आणि कुठे जायचं ते सांगायला दाराशी एक माणूस उभा करा. मी म्हटलं, हे तुम्ही कुणाला सांगितलंत का? म्हणाल्या, ‘लिहून दिलंय की. अकरा वर्षं झाली.’ मी कार्यालयात फायली उपसल्या. अर्ज होता. सुवाच्य अक्षरात, एका पानाचा, वर ‘पाहिले’ असा शेरा.

माझा रिपोर्ट चार पानांचा झाला. किलोसाहेबांनी तो तळहातावर घेतला आणि त्यांचा हात वर जाईना की खाली येईना. ‘हे पत्र आहे का?’ म्हणाले. त्यांची स्वतःची योजना वेगळी होती. सगळं रुग्णालय संगणकावर घ्यायचं, तीनशे पानं, दोन खंड. ‘एवढ्या मोठ्या रुग्णालयाला आपण चार पानं द्यायची? कंपनीची काय लाज राहील?’ वन्सं, त्या क्षणी मला वाटलं की ते बरोबर असतील. आयुष्यात पहिल्यांदा मुखपृष्ठावर माझं नाव, आणि मुखपृष्ठाच्या आत काहीच नाही म्हणून लोक हसतील. थोरल्या साहेबांनी चारही पानं वाचली आणि एकच विचारलं, ‘ही कल्पना कुणाची?’ मी म्हटलं, खिडकीतल्या बाईंची, अकरा वर्षांपूर्वीची. ‘मग पहिल्या ओळीत त्यांचं नाव घाला. आणि द्या पाठवून.’

अधीक्षकांनी दोन आठवड्यांची मुदत दिली. पहिल्याच दिवशी फज्जा उडाला. दाराशी सांगायला जो माणूस उभा केला होता तो आदल्याच दिवशी बदली होऊन आलेला. त्यालाच काही ठाऊक नव्हतं, पण तसं म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता. डोळ्यांचे सगळे रुग्ण त्याने हाडांच्या विभागात पाठवले. दुपारी तिथे बेचाळीस माणसं एक डोळा झाकून बसली होती आणि हाडांचे डॉक्टर मला शोधत होते. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः दाराशी उभी राहिले. पाच दिवस. कुठला विभाग, कुठला मजला, डावीकडे की उजवीकडे. माझा आवाज पार गेला. घरी तुमच्या बंधूंनी विचारलं टॉवेल कुठे आहे, तर मी म्हटलं, दुसरा मजला, डावीकडे. (आपलं घर तळमजल्यावर आहे.) त्या नव्या माणसाला शेजारी उभं करून शिकवलं. हळूहळू तो तयार झाला, आणि असा तयार झाला की पुढे लोकांना घरच्या अडचणीतही रस्ता सांगायला लागला.

नवव्या दिवशी पावणेअकराला रांग संपली. संपली म्हणजे, खिडकीसमोर कुणीच नव्हतं. खिडकीतल्या बाई मान बाहेर काढून दोन्ही बाजूंना बघायला लागल्या, काही संप वगैरे आहे का म्हणून. दुपारी त्यांनी खिडकी लावली, खुर्ची ओढली, डबा उघडला आणि बसून जेवल्या. मी पलीकडे बाकावर होते. मला हाक मारून म्हणाल्या, ‘बाई, माझा अर्ज पोचवलात हो.’ बस, एवढंच. मला नंतर बक्षिसं मिळाली, ढाली मिळाल्या, (त्या कुठे ठेवायच्या हा तुमच्या बंधूंचा प्रश्न आहे, ते पुसतात,) पण ते वाक्य मी कुणाला पुसू दिलेलं नाही. महिन्याने अधीक्षकांनी आकडे वाचून दाखवले तेव्हा किलोसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते सगळ्यांसमक्ष म्हणाले, ‘चार पानं पुरली.’ समोरच्या कंपनीत मी गेले नाही. त्यांनी दारावरची पाटी करून ठेवली होती म्हणे.

 यानंतर तीन वर्षांनी तुम्ही गुडघा दाखवायला आमच्याकडे आला होतात. बंधूंबरोबर त्याच रुग्णालयात जाऊन आलात. संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, ‘आईला घेऊन पूर्वी गेले होते तेव्हा दिवस मोडला होता. आज तासाभरात मोकळी झाले. दाराशी माणूस काय, वेगळी खिडकी काय! कुणीतरी डोकं असलेल्या माणसाने हात फिरवलाय तिथे.’ तुमच्या बंधूंनी घास खाली ठेवला आणि तोंड उघडलं. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. टाच. ते कळवळले, तुम्ही म्हणालात ठसका लागला, पाणी दे त्याला. मी पाणी आणायला आत गेले, आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. वन्सं, तुम्ही कुणाची उगाच स्तुती करत नाही. माझ्या लग्नापासून तोवर तुम्ही माझं एकदाच कौतुक केलं होतं, तेही माझ्या अक्षराचं. मी बाहेर येऊन सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, अगं बाई, हो का, छान, आणि ते नात्यातलं कौतुक झालं असतं. मला ते तसंच ठेवायचं होतं, कुणाचं आहे ते ठाऊक नसताना केलेलं. इतकी वर्षं ठेवलं. आज सांगते. ती खिडकी माझी. (आणि त्या बाईंची. ‘माणसाने’ म्हणालात, तेही तेव्हाच मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं होतं.)

पुढची वर्षं भराभर गेली. सगळंच जिंकले असं नाही. एक खेळण्यांचा कारखाना आमच्या सल्ल्यानंतरही बंद पडला. तिथल्या मॅनेजरने माझा रिपोर्ट परत आणून दिला आणि म्हणाला, बरोबर होता हो, पण उशीर झाला होता. त्या रस्त्याने जाताना मी अजून दुसरीकडे बघते. पण छापखाने सुधारले, ग्रंथालय सुधारलं, बसडेपो सुधारला, एका साबणाच्या कारखान्यात तर जिन्याला माझ्या नावाने ओळखतात. वीस माणसांची कंपनी चारशेची झाली. केबिन मिळाली, तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, पण भिंत चांगली आहे. माझ्या हाताखाली शिकलेली सहाजणं आज शाखाप्रमुख आहेत. लोक विचारतात, एकाच कंपनीत एकोणतीस वर्षं, कंटाळा नाही आला? दर सहा महिन्यांनी नवा कारखाना, नवा वॉचमन, नवा जिना. मी खुर्ची न बदलता साठ नोकऱ्या केल्या. थोरले साहेब आता नाहीत. असते तर त्यांनी मला शेवटच्या दिवशीही कुठेतरी रांगेत उभं केलं असतं आणि मी गेले असते.

तर असं आहे. फुशारकी वाटली तर माफ करा. जरा आहेच. घरातल्या सगळ्यांना नमस्कार, आशीर्वाद, ज्याला जे लागू पडेल ते सांगा.

तुमची,
भावजय

ता. क. निरोपाचा कार्यक्रम महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अकराला, ऑफिसच्या मोठ्या हॉलमध्ये आहे. कंपनीची पद्धत अशी की निवृत्त होणाऱ्याबद्दल घरचं एक माणूस दोन मिनिटं बोलतं. ते तुम्ही बोलावं अशी विनंती आहे. वरचं पत्र एवढं लांबलं ते त्यासाठीच. लागेल ते त्यातून घ्या.

ता. क. दुसरा. घेताना एवढं जपा. बटणांचे अकराचे चार नव्हे, पाच दिवस झाले होते. एक डोळा झाकलेली माणसं मी मोजली नव्हती, सत्तावीस-अठ्ठावीस असतील. पंख्याचं अजिबात काढू नका, प्रशिक्षण विभागाने तो त्रिकोण नुकताच कपांवर छापून घेतलाय. आणि किलोसाहेबांच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल बोलू नका. ते पाहुणे म्हणून पहिल्याच रांगेत असतील, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना सर्दी होती.

ता. क. तिसरा. आधी तुमच्या बंधूंनाच विचारलं होतं. त्यांनी आरशासमोर तीनदा सराव केला. तिन्ही वेळा ‘माझी बायको’ इथपर्यंत आले आणि पुढे काही सरकले नाहीत. मग मला म्हणाले, ‘ताईला बोलाव. मी बोललो तर लोक म्हणतील, नवराच तो, चांगलंच बोलणार. ताई बोलली तर खरं वाटेल.’ मलाही वाटेल.

ता. क. शेवटचा. दोन मिनिटं तुम्हाला पुरायची नाहीत, हे मी तिथल्या लोकांना सांगून ठेवलंय. तुमच्यानंतर बोलायला कुणालाच ठेवलेलं नाही.